दोरीवरची बालवाडी

वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर बालवाडी भरते, हे खालच्या मजल्यांवरच्या कित्येक कारकुनांना बरीच वर्षं माहीतच नव्हतं. तीस-पस्तीस मुलं डोक्यावर बसलेली, आणि खाली चूं नाही की चां नाही. ही करामत बालवाडीच्या बाईंची. त्यांना समोर सगळे ‘बाई’ म्हणत आणि माघारी ‘चिडीचूप बाई’. हे दुसरं नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि ते त्यांना मुळीच खटकत नव्हतं. उलट, कुणी नवीन माणूस ते घ्यायचं विसरला तर त्यांना चुकल्यासारखं वाटे.

बाई अंगानं किरकोळ, आवाजानं त्याहून किरकोळ. सगळी ताकद डाव्या भुवईत. ती जरा वर गेली की खोली गार पडायची. घरी बापाच्या मिशीला लोंबकळणारं पोरगं इथं मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून पुढच्याच्या पाठीकडे बघत बसायचं. आया दारात मूल सोडताना म्हणत, “घरी नुसता उच्छाद मांडतो हो हा! तुमच्याकडे कसा काय बसतो?”

“बसतो,” एवढंच म्हणून बाई दार लावून घेत.

त्यांच्या मदतीला एक मावशी होत्या. मावशींकडे आवाज होता, वजन होतं, मुलांबद्दल माया होती. नव्हते ते फक्त गुडघे. म्हणजे होते, पण मावशींच्या मते ते कधीच निकामी झाले होते, आणि जिन्याची प्रत्येक पायरी त्यांना तशी खबर देत असे.

वर्षातून दोनदा तपासणी व्हायची. पर्यवेक्षिका मॅडम यायच्या. आदल्या दिवशी तळमजल्यावरच्या खोलीचं कुलूप उघडलं जाई. ही खोली इमारतीतली सगळ्यांत चांगली खोली. ऐसपैस, दोन खिडक्या, मागं अंगणात उघडणारं दार, आणि दाराला लागूनच नळ आणि संडास. तीत कुणी बसत नसे. तीत ऑफिसच्या मोडक्या खुर्च्या होत्या. त्या टाकून द्यायच्या तर निर्लेखनाची परवानगी लागते, आणि ती वरून यायची होती. कधीपासून यायची होती ते आता कुणाला आठवत नव्हतं. खुर्च्यांच्या राखणीला दारात स्टूल टाकून एक शिपाई बसलेला असे. चावी त्याच्या कमरेला. मुलं त्याला कुलूपकाका म्हणत.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात बालवाडीची खेळणी होती. रंगीत ठोकळे, चित्रांची पुस्तकं, कापडी बाहुल्या, आणि एक डुलणारा लाकडी घोडा. पिवळा, काळ्या आयाळीचा. ही सगळी खेळणी बालवाडीलाच मिळालेली होती. पण मुलांच्या हातात दिली तर ती मोडतील, आणि मोडली तर जबाबदारी कुणाची, या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यामुळं ती कुलपात ठेवलेली होती. हे सगळ्यांना शहाणपणाचंच वाटत होतं. बाईंनाही.

तपासणीच्या सकाळी कुलूपकाका धापा टाकत घोडा दुसऱ्या मजल्यावर आणायचा आणि मॅडम गेल्या की परत न्यायचा. मधल्या वेळात मुलं घोड्याकडे बघत बसायची. हात लावायचा नाही, असं भुवईनं सांगितलेलं असे.

आणि पाणी नाही. त्या दिवशी मुलांना सकाळपासून पाणी द्यायचं नाही, हा बाईंचा स्वतःचा शोध होता. कारण संडास तळमजल्यावर, म्हणजे दोन जिने खाली. मॅडमच्या समोर कुणाची करंगळी वर झाली तर सगळा बेरंग. मॅडम यायच्या, घोडा बघायच्या, शिस्त बघायच्या, ‘उत्तम’ असं लिहायच्या आणि जायच्या. सगळं कसं छान चाललेलं होतं.

मग एके दिवशी मावशींचे गुडघे रजेवर गेले आणि त्यांच्याबरोबर मावशीही.

बाई एकट्या. एका बारक्याची करंगळी वर झाली. त्याला घाई होती. बाईंनी बाकीच्यांवरून भुवई फिरवली, “हलायचं नाही,” म्हणाल्या, आणि त्याला काखोटीला मारून खाली पळाल्या. भुवईचा अंमल किती अंतरापर्यंत चालतो, याचा त्यांनी कधी हिशेब केला नव्हता.

परत येताना पहिल्या मजल्यावर त्यांना वरून आवाज आला, “बाई, तुम्ही दिसताय!”

बघतात तर दुसऱ्या मजल्याच्या कठड्याच्या दोन गजांमधून एक डोकं बाहेर आलेलं. वर्गातली सगळ्यांत बडबडी मुलगी. हिला घरचेच रेडिओ म्हणत, आणि बाईंच्या वर्गात हा रेडिओ कायम बंद असे. डोकं गजांच्या बाहेर, धड आत, आणि एक पाय गजांतून खाली सोडलेला, झोक्यावर बसल्यासारखा.

“मी बघत होते, तुम्ही पडता का,” रेडिओ म्हणाली.

बाईंनी काखेतलं पोर खाली ठेवलं आणि उरलेला जिना कसा चढला ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. डोकं बाहेर गेलं होतं, पण आत येईना. कान आडवे येत होते. कुलूपकाका धावत आला. साबण आणला, पाणी आणलं, “असं वळव, तसं वळव” असे बरेच सल्ले आणले. रेडिओ या सगळ्या वेळात अखंड बोलत होती. शेवटी कानांना साबण लावून डोकं सुटलं. ती म्हणाली, “अजून एकदा!”

त्या संध्याकाळी बाई घरी येऊन चपला न काढताच खुर्चीत बसल्या. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

“काय गं? आज कुणी बोललं का वर्गात?”

बाईंनी झालेलं सांगितलं. नेहमी अशा वेळी त्याच्या तोंडून एखादा टोमणा हमखास यायचा. आज आला नाही. त्यानं मशीन थांबवलं.

“गज किती रुंद आहेत?”

“डोकं जाण्याइतके.”

तो उठला, मागून एक जाड दोरी काढली आणि चिंध्यांची पिशवी उलटी केली. सकाळी बाईंनी पाहिलं तर दोरीला ओळीनं कापडाच्या कड्या शिवलेल्या होत्या. एक लाल, एक ठिपक्यांची, एक कुणाच्या तरी परकराची, एक कुणाच्या तरी कोटाच्या अस्तराची. “एकेका कडीत एकेकाचा हात,” तो म्हणाला. “एक उतरला की सगळे उतरतील. मागं कुणी राहायलाच नको.”

आणि तेव्हापासून बालवाडी दोरीवर चालू लागली. एकाची करंगळी वर झाली की सगळी मुलं उठणार, आपापली कडी धरणार, पुढं बाई, मागं मावशी, आणि ही आगगाडी दोन जिने उतरून संडासाच्या दाराशी थांबणार. ज्याला जायचं तो जाणार. ज्याला जायचं नाही त्यालाही तिथं पोचल्यावर जावंसं वाटणार. मग परत दोन जिने वर. वर पोचून मांडी घालेपर्यंत दुसऱ्याची करंगळी.

डोकं कुणाचं अडकलं नाही, हे खरं. पण बाकी काही झालंही नाही. बाई गोष्ट सांगायला बसत. एक राजा होता, तो जंगलात शिरला, की करंगळी. दुसऱ्या दिवशी राजा पुन्हा राजवाड्यातून निघे, जंगलात शिरे, की करंगळी. सगळा पावसाळा गेला, हिवाळा गेला, तो राजा काही जंगलातून बाहेर आला नाही. मुलांना तर वाटू लागलं की तो तिथंच राहतो.

बाईंच्या डोक्यात तळमजल्याची खोली घर करून बसली. दाराला लागून संडास. जिना नाही. गज नाहीत. अंगण. एक दिवस त्या पहिल्या मजल्यावर वॉर्डाच्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, खालची खोली बालवाडीला द्या.”

“तिथं खुर्च्या आहेत.”

“मोडक्या.”

“मोडक्या झाल्या म्हणून काय टेबलं झाल्या का? खुर्च्याच ना?” साहेबांनी समजावणीच्या सुरात विचारलं. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. त्याला कुठलीही गोष्ट हलवायची म्हटली की छातीत धडधडे, इतकंच. “आणि तुम्हाला कशाला हवी खोली? तुमचे शेरे बघितलेत मी. उत्तम, उत्तम, उत्तम. आता उत्तमला आणखी काय देणार, बाई? सोय करायची तर आधी ज्यांचं वाईट आहे त्यांची करावी लागते.”

“आणखी एक मदतनीसही हवी आहे.”

“उत्तम चाललंय ते एका मदतनिशीत. दोन झाल्या तर बिघडेल.”

“साहेब, निम्मा दिवस जिन्यात जातो. गोष्ट नाही, गाणं नाही, खेळ नाही. हेच तर वय असतं.”

“कसलं?”

“शिकायचं.”

साहेब हसले. “अहो, शिकायचं ते पहिलीपासून. बालवाडी म्हणजे काय, मुलं पहिलीत जाईपर्यंत सांभाळायची.”

“आणि तोवर त्यांनी काय करायचं?”

“थांबायचं,” साहेब म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून तो घेतला.

बाई जिना चढून वर आल्या. दारातून त्यांना आपला वर्ग दिसला. मुलं मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती. पाठी ताठ. एकूण एक मूल थांबलेलं होतं. साहेबांनी सांगितलेलं काम बाई इतकी वर्षं अगदी चोख करत आल्या होत्या.

त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, “या तपासणीत मला नापास व्हायचंय.”

“तू? तुला जमायचं नाही.”

“का नाही? ठरवलं की झालं.”

“अगं, तीन वर्षांच्या पोरांचं सोड, लग्न झाल्यापासून मी गप्प बसलोय. ही सवय एका दिवसात मोडते का?”

“बसलायस कुठं गप्प? बोलतोच आहेस की.”

“तेवढं फक्त तुझ्या परवानगीनं,” नवरा म्हणाला आणि ताटातलं संपवायला लागला.

तो बोलला ते खरं निघालं. नापास होण्याची तयारी बाईंनी अगदी मन लावून केली. मावशींना सांगितलं, उद्या झाडू नका. कुलूपकाकाला सांगितलं, घोडा आणू नको. मुलांना सांगितलं, उद्या मॅडम आल्या की बोलायचं, हसायचं, वाटेल तसं बसायचं. आयांना सांगितलं, रोजच्यासारखं पाठवा, नटवू नका.

सकाळी येऊन बघतात तर फरशी आरशासारखी. मावशी कमरेला हात लावून उभ्या.

“मावशी! झाडू नका म्हटलं होतं ना?”

“झाडलं कुठंय? पुसलंय,” मावशी म्हणाल्या. “परक्या माणसासमोर घाण ठेवायला माझा हात धजत नाही, बाई. तुम्ही मला कामावरून काढा, पण हे सांगू नका.”

मागून धापा ऐकू आल्या. कुलूपकाका घोडा घेऊन आला होता.

“अरे, नको म्हटलं होतं!”

“मॅडम येणार आणि घोडा नाही? उद्या विचारलं, घोडा कुठं गेला, तर काय सांगू? चरायला गेलाय?”

मुलं आली. एकेकाच्या डोक्यावर तेलाचा थर, भांग असा की पट्टीनं आखावा. बाईंनी कपाळाला हात लावला. आता भरवसा एकाच गोष्टीवर होता. त्यांनी माठातलं पाणी काढलं आणि मुलांना पाजलं. थोड्या वेळानं परत पाजलं. “आज काय, पाण्याचा दिवस आहे का?” रेडिओनं विचारलं. “हो,” बाई म्हणाल्या, “आज प्या.”

मॅडम दारात दिसल्या मात्र, तीस-पस्तीस बोटं तीस-पस्तीस तोंडांवर गेली. मांड्या घातल्या गेल्या. पाठी ताठ झाल्या.

“बोला रे,” बाई कुजबुजल्या.

शांतता.

“अरे, बोला ना!” बाई चिडल्या, आणि चिडल्यामुळं भुवई वर गेली. मुलांनी श्वाससुद्धा रोखून धरला.

“वा!” मॅडम म्हणाल्या. त्या पोक्त, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, पायात उंच टाचांच्या चपला घालणाऱ्या बाई होत्या. “काय शिस्त आहे! मी सगळीकडे तुमचं उदाहरण देते.” त्या घोड्याजवळ गेल्या, त्याची मान थोपटली. “आणि घोडा अजून अगदी नव्यासारखा!”

“मॅडम,” रेडिओ लागला. तोंडावरचं बोट तसंच ठेवून ती बोटाच्या बाजूनं बोलत होती. “तुमचा घोडा आज तुमच्या आधीच आला.”

“माझा घोडा?”

“तुम्ही आलात की तो येतो आणि तुम्ही गेलात की जातो. तुम्ही त्याच्यावर बसून येता ना?”

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कुलूपकाकाकडे पाहिलं. कुलूपकाका घोड्याकडे बघत राहिला.

“बरं,” मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, “आता एक छानसं गाणं म्हणा बघू.”

मुलं गाऊ लागली. दुसऱ्याच ओळीला एका बारक्याची करंगळी वर झाली. मग शेजारणीची. मग पाण्याच्या दोन फेऱ्यांनी आपलं काम चोख बजावलं, आणि सगळा वर्ग करंगळी वर करून गाऊ लागला. मॅडमना वाटलं, गाण्यातलाच हावभाव आहे. त्यांनीही हौसेनं करंगळी वर केली आणि ताल धरला.

“मॅडमना पण लागली!” रेडिओ ओरडली. “दोरी! दोरी!”

पुढचं सगळं सवयीनं झालं. मुलं उठली, कड्या धरल्या. मावशींनी नेमका तेव्हाच गुडघ्यावर हात ठेवून “आई गं” केलं. हे त्यांनी मुद्दाम केलं का, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. दोरीचं शेवटचं टोक मोकळं होतं. बाईंनी ते उचलून मॅडमच्या हातात दिलं. “मागं कुणीतरी लागतं,” त्या म्हणाल्या. “सोडू नका. गज रुंद आहेत.”

मॅडम खाली गेल्या. वर आल्या. चष्मा पुसेपर्यंत पुन्हा करंगळी. मॅडम पुन्हा खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी उंच टाचांच्या चपला काढून हातात घेतल्या. परतीच्या वाटेवर मुलं मावशींच्या हवाली झाल्यावर त्या मधल्या जिन्यात चक्क पायरीवर बसल्या.

“हे रोज असं?”

“रोज.”

“मग शिकवता कधी?”

“तेच साहेबांना विचारत होते. खाली एक खोली आहे, मॅडम. खुर्च्यांची. तुम्ही फक्त ‘असमाधानकारक’ एवढं लिहा, बाकी मी बघते.”

मॅडम पाय चोळत बसल्या. मग म्हणाल्या, “बाई, मला काय दिसत नाही? घोडा सगळीकडे नवाच असतो. मुलांना पाणी पाजत नाहीत, तेही कळतं मला. पण ‘उत्तम’ लिहिलं की माझं काम तिथं संपतं. ‘असमाधानकारक’ लिहिलं की इतकी वर्षं उत्तम होतं ते एकदम असं कसं झालं, याचा खुलासा मी द्यायचा. माझी निवृत्ती तोंडावर आली आहे.”

मॅडम दोरीच्या टोकाची कडी बोटांवर फिरवत राहिल्या. कोटाच्या अस्तराची होती ती.

“ही शिवली छान आहे,” त्या म्हणाल्या.

आणि शेरा लिहिला : उत्तम.

शिवाय खाली पुस्ती जोडली. दोरीची पद्धत अनुकरणीय आहे, अन्य बालवाड्यांनीही तिचा अवलंब करावा.

बाई घरी आल्या तेव्हा नवऱ्यानं त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखलं. “पहिली आलीस?”

“तुझी दोरीसुद्धा पास झाली,” बाई म्हणाल्या आणि आत जाऊन झोपल्या.

काही दिवसांनी परिपत्रक निघालं. सगळ्या बालवाड्यांना दोऱ्या मिळाल्या. यातल्या बऱ्याच बालवाड्या तळमजल्यावर होत्या आणि त्यांचे संडास दाराशीच होते. तरीही तिथली मुलं दोरी धरून चार पावलं जाऊ लागली. साहेबांनी बाईंना मुद्दाम बोलावून घेतलं, अभिनंदन केलं आणि परिपत्रकाची प्रत हातात ठेवली. बाईंनी ती उभ्या उभ्या वाचली. मुलांना प्रसाधनासाठी सामूहिकरीत्या, दोरीच्या साहाय्यानं, इमारतीतील जवळच्या स्वच्छतागृहात न्यावं, असं त्यात होतं. ‘जवळच्या’ हा शब्द मॅडमनी घातला की वरच्या कुणा कारकुनानं, ते कळायला मार्ग नाही.

बाईंनी मान वर केली. साहेबांच्या खुर्चीमागं एक दार होतं. त्या दारामागं साहेबांचं स्वतःचं स्वच्छतागृह होतं. पांढऱ्या फरशीचं, म्हणे. दुसऱ्या मजल्यावरून एकच जिना खाली.

“साहेब, हे लिहिलंय तसंच करायचं ना?”

“अर्थात! अगदी तंतोतंत.”

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत रस्त्याच्या खड्ड्यांवर बैठक चालू होती. दार हळूच उघडलं. बाई आत आल्या. त्यांच्या मागं दोरी, आणि दोरीवर तीस-पस्तीस मुलं. एका हातात कडी, दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर. कुणी एक शब्द बोललं नाही. पाय न वाजवता ही आगगाडी टेबलाला वळसा घालून साहेबांच्या मागच्या दाराशी जाऊन थांबली.

दंगा केला असता तर साहेब ओरडले तरी असते. या शांततेला काय करायचं ते त्यांना कळेना.

“बाई! हे काय?”

बाईंनी परिपत्रक पुढं केलं. “जवळचं स्वच्छतागृह, साहेब. तंतोतंत.”

“अहो, पण बैठक चालू आहे!”

“चालू द्या ना. आमचा काही आवाज नसतो.”

एकेक मूल आत जायचं आणि बाहेर येऊन साहेबांना करंगळी खाली करून दाखवायचं, म्हणजे काम झालं. बाकीची थांबलेली. त्यांना थांबायची सवयच होती. आता वेळ जायचा कसा, म्हणून बाईंनी हलक्या आवाजात गोष्ट सुरू केली. राजा राजवाड्यातून निघाला. जंगलात शिरला. आज कुणाची करंगळी मध्ये येईना, कारण ज्याला जायचं तो दोन पावलांवरच होता. राजा जंगलात पुढं पुढं जात राहिला. खड्ड्यांचा विषय मागं पडला. कंत्राटदार खुर्ची वळवून बसला.

तेवढ्यात सगळ्या मुलांचं आटोपलं आणि बाईंनी दोरी उचलली.

“अहो बाई,” कंत्राटदार म्हणाला, “राजा जंगलातून बाहेर आला का?”

“पुढच्या खेपेला,” बाई म्हणाल्या. “येतोच आम्ही अर्ध्या तासात.”

आणि आल्या. दिवसातून जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा आल्या. साहेबांनी दाराला कडी लावून पाहिली, तर बाहेर मुलं शिस्तीत उभी राहिली आणि आत येणाऱ्या माणसांची रांग त्यांच्या मागं लागली. रेडिओला साहेबांची फिरती खुर्ची फार आवडली. साहेब जरा उठले की ती त्यांच्या जागी बसून, तोंडावर बोट ठेवून गोल फिरे. साहेबांना स्वतःच्या स्वच्छतागृहात जायला नंबर लावावा लागला. एकदा घाईत त्यांनी नकळत करंगळी वर केली, तर एका बारक्यानं त्यांच्या हातात ठिपक्यांची कडी दिली.

आठवडा पुरता संपायच्या आत साहेबांनी कुलूपकाकाला बोलावलं.

“खालच्या खुर्च्या वर न्या आणि वरची बालवाडी खाली.”

“साहेब, निर्लेखन झालेलं नाही.”

“मी टाकायला सांगतोय का? हलवायला सांगतोय!” साहेब म्हणाले आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच दचकले.

मोडक्या खुर्च्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. त्या आजही तिथंच आहेत, परवानगीची वाट बघत. त्या अगदी शांत असतात, त्यामुळं खालच्या कारकुनांना काहीच फरक जाणवला नाही. बालवाडी खाली आली. दुसरी मदतनीस मात्र मिळाली नाही. तरतूद नाही, असं उत्तर आलं. बाईंनी त्यासाठी पुन्हा अर्ज केला, तिसऱ्यांदा केला, अजून करतात.

कुलूपकाकापुढं वेगळाच पेच पडला. खुर्च्यांमागं वर जावं तर दोन जिने, खाली राहावं तर राखण कशाची करायची? शेवटी त्यानं ठरवलं की घोडा खाली आहे, तेव्हा आपण घोड्याची राखण करावी. स्टूल दाराबाहेरून दाराच्या आत आलं. पहिल्या दिवशी मुलांनी घोड्याला हात लावला तेव्हा तो ओरडला, “मोडेल रे!” मुलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंची भुवई जागची हलली नाही.

घोडा मोडला. पहिल्याच महिन्यात एक कान गेला. कुलूपकाका दिवसभर बेचैन होता. कुणीच काही विचारलं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो घरून हातोडी आणि खिळे घेऊन आला. मग त्याला कळलं की घोड्याची राखण करायची तर घोड्यावर बसणाऱ्यांची करावी लागते, पडणाऱ्याला धरावं लागतं, रडणाऱ्याला थोपटावं लागतं, आणि करंगळी वर झाली की मागचं दार उघडून द्यावं लागतं. मावशी म्हणाल्या, “हा माणूस इतकी वर्षं खुर्च्या काय राखत बसला होता!” दोरी घोड्याला लगाम म्हणून लागली.

राजाही जंगलातून सुखरूप बाहेर आला. पण मुलांनी बाईंना तिथं थांबू दिलं नाही. राजा घरी आल्यावर काय जेवला, त्याची आई रागावली का, तो जंगलात शू कुठं करत होता, असे प्रश्न सुरू झाले. सगळ्यांत जास्त प्रश्न रेडिओचे. बाईंना उत्तरं येईनात, मग त्या म्हणाल्या, “तुम्हीच सांगा.” मुलं सांगायला लागली. सगळी एकदम.

पुढच्या तपासणीला मॅडमना फाटकातूनच आवाज ऐकू आला. घोडा एककानी, फरशीवर ठोकळे, पुस्तकांची पानं दुमडलेली. मुलांना पाणी हवं तेव्हा मिळत होतं. “मॅडम,” रेडिओ म्हणाली, “तुमचा घोडा आम्ही ठेवून घेतलाय. तुम्ही आता चालत जा.” मॅडम बराच वेळ अंगणातल्या दारात बसून राहिल्या. जाताना त्यांनी लिहिलं : समाधानकारक. वर्गात गोंगाट फार.

एक पायरी घसरली होती. बाईंनी घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “प्रगती आहे. आणखी थोडी मेहनत घे.”

हा गोंगाट पहिल्या मजल्यापर्यंत पोचत होता. शेवटी एका दुपारी साहेब स्वतः जिना उतरून आले. दारात उभे राहिले. आत कुलूपकाका गुडघ्यांवर रांगत होता आणि त्याच्या पाठीवर दोघं होती.

“अहो बाई, वर बैठक चाललीय,” साहेब म्हणाले. “जरा गप्प बसवा की यांना. तुमचा तर हातखंडा आहे त्यात.”

“होता, साहेब. आता विसरले.”

“असं कसं विसरलात? नुसतं बघितलं तरी बसायची. पालक काय, कारकून काय, सगळे म्हणतात तुम्हाला चिडी...”

बाईंनी डावी भुवई उचलली.

मुलांचं कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांचा आरडाओरडा तसाच चालू राहिला. साहेब मात्र गप्प झाले, दोन पावलं मागं सरले आणि पाय न वाजवता जिना चढून वर गेले.